डोंगरावर चढलेली मासोळी

१

माझ्यासोबत जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक डोंगर आहे. फार उंच नव्हे, पण असा उभा, की वर बघताना डोक्यावरची टोपी मागे पडावी. सगळा काळ्या दगडाचा. अंगावर बांबूची बेटं, ऐनाची झाडं, आणि फेब्रुवारीचे दिवस म्हणून मधेमधे फुललेले पळस. वर जायला एकच पायवाट. दीड तास चढलात, चार वेळा बसलात, दोन वेळा ‘जाऊ दे, परतू’ असं मनात आलं, की अचानक वाट संपते आणि समोर तळं दिसतं. तीन बाजूंनी झाडी, चौथ्या बाजूला मातीची जुनी पाळ.

आता अशी कल्पना करा, की रविवारी तुम्ही हे तळं काठोकाठ भरलेलं पाहिलं आणि सोमवारी सकाळी ते अर्धं रिकामं आहे.

तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या पलीकडे, कोसमटोली नावाच्या लहानशा गावात हे घडलं.

सोमवारी दुपारी मारोतराव अंगणात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. सदतीस वर्षं त्यांनी या भागात पायी टपाल वाटलं. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाचा मुलगा कुठल्या गावी, हे त्यांना न विचारता कळायचं. त्यामुळे गावात काही हरवलं, कोणी रुसून गेलं, की लोक त्यांच्याकडे येत. त्यांनी शोधूनही दिलं होतं पुष्कळ. पण आता सत्तरी आली होती, दोन्ही गुडघे गेले होते, आणि दुसऱ्यांची कोडी सोडवण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

परसराम दारातच बसला. तळ्याचा राखणदार तो. डोळे लाल, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं.

“मारोतभाऊ, तळं फुटलं.”

“पाळ फुटली?”

“पाळ नाही जी. मोरीचा डाट कोणी काढला. मासोळीचं सारं बीज वाहून गेलं.”

मोरी म्हणजे पाळीखालून पाणी सोडायचं तोंड, डाट म्हणजे ते बंद करायचा लाकडी ठोकळा, आणि बीज म्हणजे तळ्यात सोडलेली माशांची पिल्लं. मारोतरावांनी पाय पुसले नाहीत. “मंग पोलिसाले सांग. मले काहून सांगून राहिला?”

परसरामने पायावरचा चिखल नखाने खरवडला.

“काहून का सारे म्हणून राहिले, माझ्या टीनानं काढला.”

२

टीना परसरामची नात. अकरा वर्षांची, सहावीत. तिची आई नागपूरला एका घरी स्वयंपाकाला. वर्ष झालं, गावी आली नव्हती. आजा आणि नात दोघंच राहत.

रविवारी शाळेतली बावीस मुलं तळ्यावर गेली होती. सोबत राजकुमार सर आणि वाट दाखवायला परसराम. चार वाजता सगळे उतरले. टीना मात्र मागे राहिली आणि पाऊण तासाने एकटीच आली. अंगात कणकण होती म्हणून परसराम त्या संध्याकाळी पुन्हा वर गेला नाही.

“सकाळी उठलो तं नाला वाहून राहिला होता,” परसराम म्हणाला. “फेब्रुवारीत नाला. मी तसाच पळालो वर. जिंदगीत पहिल्यांदा रिकाम्या हातानं चढलो, भाऊ. दगड उचलाचंही भान राहिलं नाही.”

या दगडाची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कोसमटोलीत रिकाम्या हाताने डोंगर चढत नाहीत. पायथ्याच्या नाल्यात पांढऱ्या गारगोट्या आहेत. वर जाणारा प्रत्येक जण त्यातली एक उचलतो आणि तळ्याच्या पाळीवर नेऊन ठेवतो. पाळ मातीची, पावसाने झिजते. दगडांनी धरून राहते. कित्येक पिढ्या हे चाललं आहे. लहान मूलसुद्धा विसरत नाही.

“मंग वर काय दिसलं?”

“पाणी मोरीच्या तोंडापर्यंत उतरलं होतं. डाट बाजूले पडला होता. पाण्याचा जोर नव्हता म्हणून बसवता आला. अन् मोरीपाशी...” परसरामने पिशवीतून एक निळी पाण्याची बाटली काढली. झाकणावर ‘टीना’ लिहिलेलं होतं. “मीच आणली खाली. लपवता आली असती. नाही लपवली.”

“तिनं काय सांगितलं?”

“डाटाले हात लावला नाही म्हणते. मागे काहून राहिली होतीस, तं तोंडच उघडत नाही. उद्या सकाळी सभा आहे. राखण गेली तं खाऊ काय? पोरीले आश्रमशाळेत टाका लागन.” त्याने बाटली परत पिशवीत घातली. “मले बी कळून राहिलं नाही भाऊ, का तिनंच काढला असन.”

शेवटचं वाक्य तो इतक्या हळू बोलला, की मारोतरावांना ते ऐकू आलंही नसतं, आणि तेच बरं झालं असतं. पण ऐकलं. ते वहाणा शोधायला लागले.

३

सगळ्यात आधी गोपीचंद. सगळ्यांत खाली, नाल्याला लागून त्याचं शेत. उन्हाळी धानासाठी त्याने पऱ्हे टाकले होते, म्हणजे रोपं वाढवायची गादी केली होती. ती गादी आता लाल गाळाखाली होती. गोपीचंद बांधावर डोकं धरून बसला होता.

“तूच पाणी सोडलं म्हणते का कोणी?” मारोतरावांनी विचारलं.

“म्हणू द्या. माझंच सोडलेलं पाणी माझेच पऱ्हे घेऊन गेलं, एवढा मी बैल आहो का?” तो उठलाही नाही. “पाणी पायजे असतं तं मी आधी बांध बांधला नसता का? वरच्या तेजरामचं पाहा. त्याच्या बांधीत घोटाभर पाणी, सकाळपासून बाया रोवणा करून राहिल्या. बोअर आहे त्याची. आमच्या नशिबात नाला.” त्याने वरच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या खाचराकडे, हात केला; तिथे घोटे बुडतील एवढ्या पाण्यात बाया ओळीने रोपं लावत होत्या.

तिथून शाळा. राजकुमार सर शहापूरचे, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांच्या चेहऱ्यावर रात्रभराची काळजी दिसत होती.

“चूक माझी आहे, काका. खाली येऊन मोजली तेव्हा एकवीस मुलं भरली. मी परत चढायला लागलो, तर अर्ध्या वाटेवर ती येताना दिसली. रडत नव्हती. खूश होती, खरं सांगायचं तर.”

“दगड ठेवले का पोराईनं?”

“हो. जुनी जागा भरली आहे म्हणून परसरामभाऊंनी पाळीच्या उत्तर टोकाला नवी ओळ लावायला सांगितली. सगळ्यांचे तिथेच. माझाही.”

शेवटी तेजराम. मत्स्य सोसायटीचा सचिव. यंदा पाऊस कमी झाला म्हणून तळ्याचं पाणी उन्हाळी धानाला द्यायचं नाही, ते गुरांना आणि मासोळीला राखायचं, हा ठराव त्यानेच मांडला होता. शाळेच्या भिंतीवर चुन्याने लिहिलाही त्यानेच. भला माणूस. आज मात्र त्याचा आवाज चढलेला होता.

“पोरगी असो का बुढा, नुकसान ते नुकसान. अन् राखणदाराच्या घरच्यालेच डाट काढता येते, मारोतभाऊ. दुसऱ्याचं काम नाही ते.”

“तू वर जाऊन पाह्यलं का?”

“मी कायले जातो? दिवाळीपासून पाय नाही टाकला वर.” त्याने डोळे चोळले. “झोप नाही चार दिवसांची. नात झाली ना.”

आत ओव्याच्या धुरीचा वास होता आणि पाळण्याची दोरी कुरकुरत होती. तेजरामची मुलगी रिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दहा दिवसांचं. रिताच्या आईने मारोतरावांना पाणी दिलं आणि वर म्हणाली, “गार नाही जी. हापशीवरून आणून राहिलो. शनिवारी बोअरची मोटर जळली, तुमसरले गेली आहे.”

मारोतरावांनी पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबला, पण ते काही बोलले नाहीत. तुमच्या काही ध्यानात आलं असेल तर तुम्हीही अजून बोलू नका. नुसत्या संशयावर माणसाला दोषी धरायचं नसतं. आणि पुरावा, असलाच तर, डोंगरावर होता.

४

तीन वर्षांत मारोतराव वर गेले नव्हते. डॉक्टरने जिनासुद्धा चढू नका म्हटलं होतं.

“टीना, तू चाल माझ्यासंगं,” ते म्हणाले. “मी पडलो तं खाली सांगाले कोणी पायजे.”

नाला आता ओसरला होता. गारगोट्यांवर लाल गाळाचा थर बसला होता. टीनाने एक दगड उचलला, मारोतरावांनी एक, आणि दोघं चढू लागले.

पहिला चढ बांबूतून. पायाखाली वाळली पानं, त्यांवरून वहाणा घसरत. मारोतराव काठी रोवायचे, एक पाय वर घ्यायचे, मग दुसरा त्याच्याजवळ आणायचे. टीना पुढे जायची, थांबायची, मागे बघायची.

“आबाजी, तुमचा दगड द्या माझ्यापाशी.”

“ज्याचा त्यानं नेला पायजे.”

“तुमच्यानं होऊन नाही राहिलं.”

“होऊन नाही राहिलं, पण नेऊन राहिलो ना.”

दुसऱ्या चढाला ते बसले. खाली कोसमटोलीची कौलं दिसत होती, आणि नाल्याकाठी एकच बांधी हिरवी आणि चकाकती. मारोतराव तिकडे पाहत राहिले. गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकत असल्यासारखं दुखत होतं.

“टीना, काल तू मागे काहून राहिली?”

ती मातीत काडीने रेघा ओढत राहिली.

“सांगता येत नाही का सांगाचं नाही?”

तिने मान वर केली. “सांगाचं नाही.”

मारोतरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. टपाल वाटणाऱ्याला बंद पाकीट हातात घेऊन चालायची सवय असते.

तिसरा चढ नुसता खडकाचा. तिथे हातही टेकावे लागत. वर पोचले तेव्हा त्यांच्या कानात रक्त धपधपत होतं. तळ्याचं पाणी खोल गेलं होतं. काठाचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर दोन बगळे फिरत होते. टीनाने ते पाहिलं आणि खाली बसली.

मारोतराव उत्तर टोकाला गेले. मुलांच्या दगडांची नवी ओळ तिथे होती. कोरडे, पांढरे, धुळीचे दगड. रविवारी नाला कोरडा होता ना. एक दगड मात्र दुसऱ्याला खेटून ठेवलेला, आणि तो इतका स्वच्छ की उन्हात डोळ्यांवर येत होता. कोणीतरी बाटलीतल्या पाण्याने तो धुतला होता.

मारोतराव ओळखीचं हसले. तेवढ्यात पाळीच्या दुसऱ्या टोकाकडून टीनाचा आवाज आला.

“आबाजी, इकडे या. ही मासोळी वर कशी आली?”

५

जुन्या ढिगाच्या माथ्यावर एक मोठी गारगोटी होती. तिच्यावर लाल गाळ सुकला होता, आणि त्या गाळात बोटाच्या नखाएवढी एक मासोळी चिकटून वाळली होती.

“तळ्यातली असन,” मारोतराव म्हणाले. खरं तर त्यांना उत्तर माहीत झालं होतं. पण मुलांना विचार करू देण्याची त्यांना खोड होती.

“तळ्याचा गाळ काळा आहे,” टीना म्हणाली. “हा लाल आहे. नाल्याचा.” ती थांबली. “म्हणजे मासोळी पाण्यासंगं खाली गेली. अन् मंग दगडावर बसून वर आली.”

“दगड कोणी आणला असन? काल आलेल्या पोराईनं?”

“काल नाला कोरडा होता. गाळ नव्हताच. अन् आमचे सारे तिकडे आहेत.”

“तुझ्या आज्यानं, आज सकाळी?”

तिचा चेहरा उतरला, मग खुलला. “माझे आबाजी रिकाम्या हातानं पळाले. त्याच्यासाठी रडत होते ते.”

“मंग?”

“मंग नाल्याले पाणी आल्यावर, अन् माझे आबाजी वर यायच्या आधी, कोणीतरी वर आलं होतं. नवी ओळ त्याले माहीत नव्हती म्हणून जुन्याच जागी ठेवला.”

“चोरून आला, तरी दगड घेऊन आला,” मारोतराव म्हणाले. “हात आपोआप खाली गेला असन त्याचा. आपण सारे असेच.”

त्यांनी वाकून दगड उचलला. त्याच्या आडोशाला आणखी एक दगड होता. तोही लाल गाळाचा. पण अंगठ्याएवढा, चिमणीच्या अंड्यापेक्षा थोडा मोठा.

आता कोसमटोलीची उरलेली रीत ऐका. ज्याला स्वतः चढता येत नाही, त्याच्या नावाचा दुसरा दगड घरचा माणूस नेतो. आजारी असेल, परगावी असेल, म्हातारा असेल. माणूस जेवढा, दगड तेवढा. आणि तो माणूस स्वतः येईपर्यंत नाव कोणाला सांगायचं नाही.

मारोतरावांनी तो चिमुकला दगड तळहातावर घेतला. या वर्षी कोसमटोलीत एकच पाळणा हलत होता.

ते पाळीवर बसले. गुन्हेगार सापडला की पूर्वी त्यांना हुरूप यायचा. आज फक्त थकवा आला.

६

मंगळवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सभा बसली. चुन्याने लिहिलेला ठराव मागच्या भिंतीवर तसाच होता. परसराम एका बाजूला, शेजारी टीना. मारोतरावांनी दोन्ही दगड खाली ठेवले आणि मासोळी सगळ्यांना दाखवली. मग एकेक गोष्ट सांगितली, जशी टीनाने वर सांगितली होती तशी.

“बाटलीचं काय?” मागून कोणी विचारलं.

“पोरीनं मोरीपाशी बाटलीतल्या पाण्यानं दुसरा दगड धुतला अन् ओळीत नेऊन ठेवला. बाटली तिथंच राहिली. कोणाच्या नावाचा, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. परसरामने नातीच्या डोक्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

“आता एकच सांगतो,” मारोतराव म्हणाले. “शनिवारी ज्याची मोटर जळली, त्याच्या बांधीत सोमवारी घोटाभर पाणी कुठून आलं? अन् हा लहान दगड कोणाच्या नावाचा, ते मी बोलणार नाही. ज्यानं ठेवला त्याले माहीत आहे.”

गोपीचंद अर्धवट उठला आणि परत बसला. तेजराम त्या चिमुकल्या दगडाकडे पाहत होता.

“रोवण्याच्या बाया सांगून ठेवल्या होत्या,” तो अखेर म्हणाला. “पऱ्हे वाळून राहिले होते. ठराव मीच लिहिला, मंग पाणी मागू कोणत्या तोंडानं? म्हटलं, रविवारी सांजच्याला सोडतो, पहाटे बंद करतो. एका रातीत कोणाले कळते.” त्याने ओठ पुसले. “पहाटे गेलो तं डाट बसेना. पाणी ढकलून देऊन राहिलं होतं. तीनदा पडलो. म्हटलं, नातीच्या नावाचा दगड ठेवतो, तिच्या पायगुणानं तरी बसन. नाही बसला. उजाडलं तसा पळालो.”

“अन् पोरीवर काहून ढकललं?” परसरामने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं.

तेजराम उठून परसरामसमोर आला आणि तिथेच मातीत बसला.

मग सभा पुष्कळ वेळ चालली. सचिवपद तेजरामने आपणहून सोडलं. वाहून गेलेलं बीज तो भरून देणार, आणि गोपीचंदला आपल्या पऱ्ह्यांतून रोपं देणार असं ठरलं. परसरामची राखण कायम राहिली. कोणी म्हणालं हे फार कमी, कोणी म्हणालं फार झालं. मारोतराव शाळेच्या पायरीवर गुडघे चोळत बसले होते. त्यांना घरी जायचं होतं.

बोलता बोलता लोक पांगले. ते दोन दगड मात्र पटांगणात तसेच पडून राहिले. कोणाला त्यांना हात लावावासा वाटेना.

टीनाने लावला. मोठा तिने तेजरामच्या हातात दिला; ज्याचा त्याने न्यायचा असतो. लहान घेऊन ती हापशीवर गेली. एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्या हाताने तो दगड धारेखाली धरला, आणि गाळ पूर्ण जाईपर्यंत अंगठ्याने घासत राहिली. मग समोरच्या नाल्यात उतरली. स्वतःसाठी एक गारगोटी निवडली. थोडा विचार केला आणि आणखी एक उचलली, चांगली जड, म्हाताऱ्या माणसाएवढी.

“तिसरा कोणाचा गं?” पायरीवरून मारोतरावांनी विचारलं.

टीनाने त्यांच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं. मग काही न सांगता दोन दगड ओढणीत बांधले, धुतलेला लहान मुठीत घट्ट धरला, आणि बांबूच्या चढाला लागली.